‘असे म्हणतात’ : शालेय रसायनशास्त्राच्या मराठी गद्याविषयी

मराठीत सर्वांत जास्त वाचले जाणारे गद्य कोणते, या प्रश्नाला आपण चटकन एखाद्या कादंबरीचे किंवा वृत्तपत्राचे नाव देऊ. खरे उत्तर शालेय पाठ्यपुस्तक हे आहे. एकाच वर्षी, एकाच वयाची असंख्य मुले एकच परिच्छेद वाचतात, पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. इतका वाचक इतर कोणत्याही मराठी लेखकाच्या वाट्याला येत नाही. तरीही समीक्षेने या गद्याकडे फारसे पाहिलेले नाही. भाषेच्या पुस्तकात कोणाची कविता आली आणि कोणाची गेली, यावर आपल्याकडे वाद झडतात. विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्यावर मात्र कोणी वाद घातल्याचे माझ्या वाचनात नाही. तिथे भाषा नसतेच, नुसती माहिती असते, असे आपण गृहीत धरले आहे.

मी रसायनशास्त्राचा अभ्यासक नाही, साहित्याचा वाचक आहे. गेली काही वर्षे जुनी-नवी शालेय रसायनशास्त्राची पुस्तके मी गद्य म्हणून वाचत आलो. या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, रसायनशास्त्राची मराठी परिभाषा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ समर्थ आहे, आणि काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा सरस आहे. दुसरी, ही परिभाषा ज्या वाक्यात बसवली जाते ते वाक्य दुबळे आहे. शब्द चांगले आणि वाक्य निर्जीव, असा हा पेच आहे.

वाक्याचा शेवट

आपल्या शालेय विज्ञानाचे ठरलेले वाक्य ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांनी संपते. ज्या पदार्थाचे अमुक होत नाही त्याला मूलद्रव्य असे म्हणतात. ज्या बदलात तमुक होते त्याला रासायनिक बदल असे म्हणतात. व्याकरणाने या वाक्यात दोष नाही. पण त्याला कर्ता नाही आणि काळही नाही. कोण म्हणतात? कधीपासून म्हणतात? त्याआधी काय म्हणत होते, आणि ते का सोडून दिले? या वाक्यात असे प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नसते. आजी गोष्ट सांगताना ‘असं म्हणतात’ म्हणते तेव्हा त्यात शंकेला वाव असतो. ऐकीव आहे, पटले तर घ्या, असा सूर असतो. पाठ्यपुस्तकाने तेच शब्द घेतले आणि त्यांतील शंका काढून टाकली.

याच्या शेजारी आन्त्वान लाव्हाझिए याने केलेली मूलद्रव्याची व्याख्या ठेवून पाहावी. त्याचे ‘रसायनशास्त्राचे प्राथमिक पुस्तक’ पॅरिसमध्ये १७८९ साली प्रसिद्ध झाले. नावातच ‘प्राथमिक’ असलेले हे पुस्तक आधुनिक रसायनशास्त्राचा पाया मानले जाते. विश्लेषण आजवर ज्या शेवटच्या टप्प्याला पोचले आहे तिथे जे हाती उरते, ते आपल्यापुरते मूलद्रव्य, अशी त्याची भूमिका होती. उद्या कोणी त्याचेही तुकडे पाडले तर ते मूलद्रव्य राहणार नाही. ‘आजवर’ आणि ‘आपल्यापुरते’ या दोन अटींमुळे ती व्याख्या जिवंत राहते.

त्याने दिलेल्या यादीत तेहतीस मूलद्रव्ये होती. त्यांत प्रकाश आणि उष्णता यांनाही जागा होती, आणि चुनाही होता. चुन्यासारख्या काही पदार्थांविषयी त्याला स्वतःलाच संशय होता. १८०८ साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शिअम वेगळे केले आणि चुना यादीतून गेला. व्याख्या मात्र अबाधित राहिली, कारण तिने ही शक्यता आधीच मान्य केली होती. आपल्या मुलाला मूलद्रव्यांची संख्या ११८ अशी मिळते. ती बरोबर आहे. पण ही संख्या एकेकाळी तेहतीस होती आणि त्या तेहतिसांत पानाला लावायचा चुना होता, हे एक वाक्य जोडले तर ‘मूलद्रव्य’ हा शब्द पाठ करण्याची वस्तू न राहता माणसांनी केलेल्या शोधाचा एक मुक्काम ठरेल.

नाव चुकले तरी

लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी १७८७ साली रासायनिक नावांची नवी पद्धत मांडली. शास्त्राची भाषा सुधारल्याशिवाय शास्त्र सुधारत नाही, ही धारणा त्यामागे होती. नावातूनच पदार्थाची घडण कळावी, हा त्यांचा आग्रह आजही टिकून आहे. परंतु सर्वांत गाजलेले नावच चुकले. ‘ऑक्सिजन’चा ग्रीक मुळांवरून होणारा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. सर्व आम्लांत हा वायू असतोच, असे लाव्हाझिएला वाटत होते. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाही हे डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिले. सिद्धांत पडला, पण नाव राहिले. इंग्रजी मूल आजही ती चूक रोज उच्चारते.

मराठीने ‘प्राणवायू’ म्हटले आणि ती चूक टाळली. पण या नावाने दुसरी अडचण आणली. योग आणि आयुर्वेद यांतील पंचप्राणांपैकी पहिल्या वायूचे नाव प्राण, आणि त्याचा या मूलद्रव्याशी संबंध नाही. शिवाय जो वायू प्राण देतो तोच लोखंड गंजवतो, तेल खवट करतो, घर पेटले तर आग धुमसत ठेवतो, हे ‘प्राणवायू’ या शब्दाच्या पावित्र्यात मावत नाही. २०२१ साली वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द रोज येत होता, आणि त्या वेळी तो अगदी योग्य वाटला. रुग्णालयाच्या दारात तो शब्दशः खरा होता. वर्गात मात्र मला ‘ऑक्सिजन’ बरा वाटतो. त्याचा अर्थ मराठी मुलाला ठाऊक नसतो, म्हणून तो दिशाभूल करत नाही. शिक्षकाने अर्थ सांगितलाच, तर एका चुकलेल्या सिद्धांताची गोष्ट फुकट मिळते.

अणू, रेणू आणि कवडसा

परिभाषेतील माझी आवडती जोडी अणू आणि रेणू ही आहे. तुकोबांच्या अभंगामुळे ती मराठी कानावर केव्हाच पडलेली आहे. युरोपीय भाषांत अणूसाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ ‘न कापता येणारा’. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि तो अर्थ खोटा ठरला. ‘अणू’ म्हणजे फक्त ‘अतिसूक्ष्म’. त्याने अविभाज्यतेचा दावा केलाच नव्हता, म्हणून त्याला माघारही घ्यावी लागली नाही.

गोंधळ शेजाऱ्यामुळे होतो. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. आपण अणुबॉम्ब म्हणतो, ते परमाणु बम म्हणतात. महाजालावर हिंदी धडे पाहणाऱ्या मराठी मुलासाठी हा नुसता उच्चारातला फरक नाही. त्याच्या वहीतील एक शब्द तिथे दुसऱ्याच वस्तूचे नाव असतो. पाठ्यपुस्तकात यासाठी दोन ओळींची टीप पुरेशी आहे.

दोन्ही भाषांनी हे शब्द वैशेषिक परंपरेतून उचलले. तिथे दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, आणि ते डोळ्यांना दिसू शकते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारा कण, म्हणजे त्रसरेणू, हे त्याचे उदाहरण. मराठीत त्या उन्हाच्या तिरिपेला कवडसा म्हणतात. इथे सावधही राहायला हवे. कवडशातील धुळीच्या एका कणात अणूंची संख्या कल्पनेबाहेरची असते. वैशेषिकांना अणूचे वजन काढायचे नव्हते. ते पदार्थाच्या विभागणीला शेवट आहे का, या तात्त्विक प्रश्नाशी झगडत होते. जॉन डाल्टनने १८०८ साली अणूला सापेक्ष वजन दिले आणि तिथून रसायनशास्त्र निराळ्या वाटेने गेले. त्याच्या हिशेबात पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू होता. तो हिशेब सुधारायला अर्धे शतक लागले. ‘आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून मुलाला फुगवण्यात हशील नाही. आपला शब्द कोठून आला आणि कोठे त्याचा अर्थ बदलला, हे दोन्ही सांगणे हाच त्या परंपरेचा मान आहे.

अरी, उदासीन आणि खार

आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या पदार्थाला मराठीत ‘आम्लारी’ म्हणतात. आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. दोघे एकत्र आले की जे घडते ते ‘उदासिनीकरण’. अरी, मित्र, उदासीन हे शब्द राजनीतीचे आहेत. कौटिल्याच्या राजमंडलात शेजारी राजांची वर्गवारी याच शब्दांनी होते. परिभाषा घडवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे; पण शब्दांचे कुळ एकच आहे. दोन शत्रू भिडतात आणि कोणाच्याच बाजूचे न उरलेले काही मागे राहते, असे चित्र त्यातून उभे राहते. आजच्या मराठीत ‘उदासीन’चा अर्थ खिन्न असा झाल्याने मुलाला ते चित्र दिसत नाही. शिक्षकाने एका मिनिटात ते दाखवावे. याच उपमेची मर्यादाही पुढे सांगावी. १९२३ नंतरच्या विचारात आम्ल हा प्रोटॉन देणारा आणि आम्लारी तो घेणारा मानला जातो. देणारा आणि घेणारा यांना शत्रू म्हणणे अवघड आहे.

खरी गुंतागुंत ‘क्षार’ या शब्दाची आहे. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होतो तो क्षार. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि हिंदीतील क्षार म्हणजे अल्कली. आयुर्वेदातील क्षार हाही वनस्पतींच्या राखेतून काढलेला दाहक, अल्कलीधर्मी पदार्थ असतो. अरबीतील ज्या शब्दावरून ‘अल्कली’ आला त्याचा संबंधही राखेशीच आहे. आपल्या घरातील पापडखार हा त्याच कुळातला. त्यातला मुख्य कार्बोनेट व्याख्येने क्षार ठरतो, पण त्याचे द्रावण अल्कलीधर्मी असते. म्हणजे एकाच पुडीत शब्दाचे दोन्ही अर्थ नांदतात. हळदीच्या पाण्यात चिमूटभर पापडखार टाकला की ते लाल होते, मीठ टाकले तर होत नाही. दोन्ही क्षार, तरी वागणूक वेगळी. का? हा प्रश्न नववीच्या मुलाला विचारण्याजोगा आहे, आणि तो मराठीतच सुचतो. इंग्रजीतील शब्दांनी ही कोंडी होत नाही, म्हणून हे कुतूहलही तिथे जन्माला येत नाही.

शेतकऱ्याने हा भेद कधीच करून ठेवला आहे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाणी जास्त झाल्याने बिघडलेल्या जमिनीला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतात, पण जाणकार तिच्यात ‘क्षारयुक्त’ आणि ‘चोपण’ असा फरक करतात. पहिलीत विद्राव्य क्षार साचलेले असतात. ते पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे काढता येतात. दुसरीत सोडिअम मातीच्या कणांना चिकटून बसलेले असते. तिथे नुसते पाणी उपयोगी पडत नाही, जिप्सम घालावा लागतो. त्यातील कॅल्शिअम सोडिअमची जागा घेते. ‘चोपण’ या एका शब्दात विस्थापनाचा अख्खा धडा दडलेला आहे. ज्या मुलाचे वडील त्या जमिनीपायी कर्जात आहेत त्याला हा धडा परक्या उदाहरणांनी शिकवला जातो, याची मला खंत वाटते.

बाजारात गेलेले शब्द

परिभाषेतील शब्द वर्गाबाहेर गेला की त्याचे काय होते, हेही पाहायला हवे. ‘रसायन’ हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. शरीराला बळ आणि दीर्घायुष्य देणारी चिकित्सा असा त्याचा अर्थ. आज गुळाच्या ढेपेवर ‘रसायनविरहित’ अशी चिठ्ठी असते. अमृताच्या जवळ जाणारा शब्द विषाच्या जवळ येऊन बसला. गूळ हाही रसायनांचाच बनलेला आहे, साखर हे रसायन आहे, पाणी हे रसायन आहे, हे सांगणारा माणूस दुकानात विक्षिप्त ठरतो.

‘सेंद्रिय’ची गत अधिक विनोदी आहे. वर्गात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. बाजारात सेंद्रिय म्हणजे रसायन न वापरलेले. या दोन अर्थांची गाठ युरियाच्या पोत्यात पडते. फ्रीडरिश व्होलर याने १८२८ साली अमोनिअम सायनेटपासून युरिया बनवला. सजीवाच्या शरीरात सापडणारा पदार्थ सजीवाशिवाय तयार झाला, आणि म्हणून सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात ही घटना मैलाचा दगड समजली जाते. म्हणजे अकरावीच्या पुस्तकात युरिया हे सेंद्रिय संयुग, आणि कृषिसेवा केंद्रात तोच युरिया रासायनिक खत. दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्या मुलाला ही विसंगती दाखवून तिची उकल करायला सांगितली आहे, त्याला जाहिरात फसवू शकणार नाही. पाठ्यपुस्तक मात्र बाजारातील अर्थाची दखल घेत नाही, आणि बाजार पाठ्यपुस्तकाची.

एका प्रयोगाचे गद्य

निर्जीव वाक्य नुसते कंटाळवाणे नसते, ते चुकीलाही आश्रय देते. ताटलीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा पेला. मेणबत्ती विझते, पाणी वर चढते. अनुमान : ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध झाले. हा प्रयोग शाळांतून पिढ्यानपिढ्या केला जातो आणि अनुमानही तसेच लिहिले जाते.

ते टिकत नाही. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात ऑक्सिजन पुष्कळ शिल्लक असतो. ज्योत टिकण्याइतका तो उरत नाही, एवढेच. मेण जळताना तीन भाग ऑक्सिजन खर्च होतो आणि जवळजवळ दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात सावकाश विरघळतो, म्हणून घटलेले आकारमान खर्च झालेल्या ऑक्सिजनइतके असूच शकत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. ज्योतीमुळे तापून प्रसरण पावलेली हवा आता थंड होऊन आकसते, म्हणून ते चढते. पेला ठेवताना काठाशी निघणारे बुडबुडे हा त्याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. ज्याने नीट पाहिले त्याला तो दिसतो. पण ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली काय लिहायचे हे आधीच ठरलेले असले, तर पाहण्याची गरज उरत नाही. ‘पाणी वर चढते असे दिसून येते’ या वाक्यात ‘केव्हा’ हा शब्द असता, तर ही चूक इतकी वर्षे जगली नसती.

दोन नमुने

इंग्रजीत या गद्याचे दोन उत्तम नमुने एकोणिसाव्या शतकातच तयार झाले. पहिला जेन मार्सेट या बाईंचा. त्यांचे रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक १८०६ साली लेखकाच्या नावाशिवाय आले. नाव छापले जायला १८३२ साल उजाडले. शिक्षिका मिसेस बी. आणि एमिली व कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी यांच्यातील संभाषण असे त्याचे रूप आहे. एमिली शांत, विचारी. कॅरोलाइन उतावळी, चटकन शंका काढणारी. व्याख्या येते ती शंकेनंतर. हे पुस्तक बांधणीसाठी आलेले असताना मायकेल फॅरडे नावाच्या शिकाऊ पुस्तकबांधणाऱ्याने ते वाचले. आपल्याला परवडतील असे छोटे प्रयोग करून आपण ते पुस्तक ताडून पाहिले आणि ते खरे उतरले, म्हणून आपला त्यावर विश्वास बसला, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकाला यापेक्षा मोठी दाद मिळणे कठीण.

दुसरा नमुना फॅरडेचाच. १८६०-६१ च्या नाताळात त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली आणि ती १८६१ साली पुस्तकरूपाने आली. सुरुवात मेणबत्त्या कशा बनवतात इथून होते. मग वितळलेल्या मेणाची वाटी, वात, ज्योतीचे भाग, काजळी. ज्योतीतून पाणी निघते हे दाखवून झाल्यावर त्या पाण्यातून तिसऱ्या व्याख्यानात हायड्रोजन बाहेर पडतो. शेवटच्या व्याख्यानात मेणबत्तीचे जळणे आणि माणसाचा श्वास यांचे नाते जुळते. आधी वस्तू, मग प्रश्न, मग नाव, हा क्रम तो मोडत नाही. आपला क्रम नेमका उलटा आहे : आधी नाव, मग व्याख्या, मग ‘उदाहरणार्थ’, आणि वस्तू वेळ उरला तर.

कल्हईचा धडा

फॅरडेने मेणबत्ती निवडली कारण ती त्याच्या श्रोत्यांच्या घरात होती. मराठीत असा धडा कोणत्या वस्तूवर लिहिता येईल, याचा मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर कल्हई हे आहे.

धड्याची सुरुवात ‘कळकणे’ या क्रियापदाने व्हावी. पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. धातूचा अंश आंबट पदार्थात उतरून तो बिघडणे या नेमक्या घटनेसाठी आपल्याकडे एका शब्दाचे क्रियापद आहे. आता पुस्तकातील धातूंची क्रियाशीलता श्रेणी काढावी. तांबे हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणजे साध्या आम्लातून ते हायड्रोजन मुक्त करू शकत नाही. मग ताक कळकते कसे? उत्तर हवेत आहे. हवेतील ऑक्सिजन तांब्याशी संयोग पावतो, आणि त्यातून झालेले ऑक्साइड आम्लात विरघळते. श्रेणी खोटी नाही. तिच्या प्रश्नात हवा धरलेली नव्हती.

पुढे कल्हईवाला येतो. खड्ड्यात कोळसे, शेजारी भाता. तापलेल्या भांड्यावर तो नवसागराची पूड टाकून बोळ्याने फिरवतो आणि पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत पुन्हा एकत्र येतात, तोच पांढरा धूर. संप्लवनाचे उदाहरण म्हणून पुस्तकात नवसागर येतो, आणि संप्लवन भौतिक बदलांच्या रकान्यात असते. पण इथे तर एका पदार्थाचे दोन झाले आणि दोनांचा पुन्हा एक झाला. भौतिक आणि रासायनिक बदल यांच्यातील रेघ आपण समजतो तितकी पक्की नाही, हे मुलाला याच धुरात दिसेल.

मग कथलाची कांडी टेकवताच कथील वितळते. त्याला २३२ अंश सेल्सिअस पुरतात. तांब्याला १०८५ लागतात, म्हणून भांडे शाबूत राहते. बोळा फिरतो, आतून रुपेरी थर पसरतो, भांडे पाण्यात बुडते आणि चर्र आवाज होतो. शेवटचा प्रश्न : कथील तर श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे, म्हणजे आम्लाशी त्याची क्रिया व्हायला हवी, तरी ते तांब्याचे रक्षण कसे करते? कारण सौम्य आम्लाशी ती क्रिया फारच सावकाश होते. श्रेणी क्रिया होऊ शकते का ते सांगते, किती वेगाने होईल ते सांगत नाही. हा विचार पुढे महाविद्यालयात मोठ्या नावांनी भेटतो. इथे तो आजीच्या पातेल्यात भेटला.

या धड्यात ऑक्सिडीकरण, आम्ल, क्षार, अपघटन, संप्लवन, द्रवणांक, क्रियाशीलता हे सगळे शब्द येतात, आणि एकालाही ‘असे म्हणतात’ची गरज पडत नाही. ते घटनेच्या ओघात येतात, कारण तिथे त्यांची गरज असते.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला : कल्हईवालाच आता दिसत नाही, घरोघर स्टील आहे, हे स्मरणरंजन आहे. याला माझे उत्तर असे की, वस्तू बदलावी, क्रम बदलू नये. कल्हई नको असेल तर स्टीलच्या डब्यावर धडा लिहावा. ते का गंजत नाही, आणि मिठाचे लोणचे ठेवले तर त्यावरही डाग का पडतात, इथून सुरुवात करावी. फॅरडेच्या श्रोत्यांच्या शहरातही तेव्हा गॅसचे दिवे आले होते. तरी मेणबत्ती जुनी ठरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. अकरावीपासून विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवले जाते. अनेक मराठी शाळांनी त्याआधीच सेमी-इंग्रजीचा मार्ग धरला आहे. जी परिभाषा दोन-चार वर्षांत टाकून द्यायची, ती घासूनपुसून काय करायचे? पालकांच्या या चिंतेला मी भाबडे उत्तर देणार नाही. मुलाला इंग्रजी संज्ञा यायलाच हव्यात, आणि त्या सुरुवातीपासून शेजारी ठेवायला हरकत नाही. सोडिअमची खूण एनए, पोटॅशिअमची के, सोन्याची एयू, या इंग्रजी मुलालाही परक्याच असतात. लॅटिन नावांवरून आलेल्या त्या खुणा सगळेच शिकतात. मेंडेलेयेव्हने १८६९ ची आपली सारणी पुढे नेताना न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या नावाआधी ‘एका’ हा संस्कृत शब्द लावला होता. रसायनशास्त्राची भाषा पहिल्यापासून सरमिसळीचीच आहे. नावे कुठलीही चालतील.

विचार मात्र कोणत्या तरी एका भाषेत करावा लागतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो ज्या भाषेत करता येतो त्या भाषेत रसायनशास्त्राची क्रियापदे असायला हवीत. ती मराठीत आहेत : आंबणे, गंजणे, कळकणे, विरणे, निवळणे. चुना पाण्यात विरतो, वरचे पाणी निवळते, आणि त्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते. या एका वाक्यात प्रयोग, निरीक्षण आणि श्वासातील वायूची ओळख आहे. ‘चुन्याची निवळी’ हे शब्द ज्याने पाठ्यपुस्तकात ठेवले त्याला भाषा कळत होती. नामे इंग्रजीकडे गेली तरी शास्त्र बुडत नाही. क्रियापदेही गेली तर मुलाच्या हाती फक्त उत्तर राहते, आणि प्रश्न विचारायला त्याच्याकडे भाषा उरत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पाठ्यपुस्तक मंडळांवर विषयतज्ज्ञ असतात, तसा क्रियापदांची जाण असलेला एक लेखकही असावा. त्याचे काम परिभाषा सोपी करण्याचे नसेल. प्रत्येक ‘असे म्हणतात’पाशी थांबून त्याने शेजारच्या तज्ज्ञाला विचारावे : कोण म्हणतात, कधीपासून, आणि कशावरून? तज्ज्ञ जे उत्तर देईल ते त्याने मराठीत लिहून काढावे. धडा तयार होईल.